करिंथची उपासना: बोलणाऱ्या स्त्रिया आणि गप्प राहण्याची आज्ञा

प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, नव्या करारातल्या पहिल्या पत्रात उपासनेतल्या स्त्रियांविषयी दोन उतारे आहेत. अकराव्या अध्यायात तो सांगतो, प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या, म्हणजे देवाच्या प्रेरणेने मंडळीशी बोलणाऱ्या, स्त्रीने मस्तक झाकावे. चौदाव्या अध्यायात तो सांगतो, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे आणि काही शिकायचे असेल तर घरी पतीला विचारावे. पत्र एक, मंडळी एक, लिहिणाराही एक. ज्या स्त्रीने तोंडच उघडायचे नाही, तिने संदेश देताना डोक्यावर काय घ्यावे हा प्रश्न मुळात निघतोच कसा?

उपासनेत स्त्रियांनी काय करावे यावर वाद पेटला की दोन्ही बाजू यातला आपल्या सोयीचा उतारा उचलतात. एकाला चौदावा अध्याय तोंडपाठ असतो, दुसऱ्याला अकरावा. म्हणून इथे करिंथची मंडळी हेच एक प्रकरण धरून ते सुरुवातीपासून तपासले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. करिंथच्या सभेत स्त्रिया सगळ्यांसमोर प्रार्थना करत होत्या, संदेश देत होत्या, आणि हे ठाऊक असूनही पौलाने त्यांना थांबवले नाही. या प्रकरणातला सर्वांत पक्का धागा हाच. गप्प राहण्याच्या आज्ञेचा अर्थ या धाग्याला धरून लावला पाहिजे. आज्ञेसाठी धागा तोडण्याचा अधिकार वाचकाला नाही.

शहर आणि पत्रव्यवहार

जुने ग्रीक करिंथ इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने उद्ध्वस्त केले. जवळपास शंभर वर्षांनी, इ. स. पूर्व ४४ मध्ये, ज्यूलियस सीझरने तिथे रोमन वसाहत उभी केली. म्हणजे पौल ज्या शहरात आला ते भूगोलाने ग्रीक होते, पण त्याचा कारभार, त्याचे सार्वजनिक रीतिरिवाज आणि त्याची प्रतिष्ठेची कल्पना यांवर रोमचा ठसा होता. एका बाजूला लेखायन आणि दुसऱ्या बाजूला किंख्रिया अशी दोन बंदरे होती. त्यामुळे देशोदेशीची माणसे, देव आणि पैसा यांची तिथे ये-जा असे.

नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात अठराव्या अध्यायात पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिल्याचे सांगितले आहे. तिथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटले. त्याच अध्यायात पौलाला गल्ल्योसमोर उभे केल्याचा प्रसंग आहे. गल्ल्यो अखया या ग्रीसमधल्या रोमन प्रांताचा प्रांताधिकारी असल्याचा उल्लेख डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखात आहे आणि त्यावरून त्याचा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पत्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, पौल इफिस येथे असताना लिहिले गेले.

पौलाला करिंथची बातमी दोन वाटांनी मिळत होती. ख्लोवे नावाच्या स्त्रीच्या माणसांनी भांडणांची खबर आणली होती, आणि मंडळीनेही त्याला पत्र पाठवून काही प्रश्न विचारले होते (७:१, म्हणजे याच पत्राचा अध्याय ७, वचन १). त्याआधी पौलाने त्यांना आणखी एक पत्र लिहिले होते (५:९), ते आज उपलब्ध नाही. मंडळीचे पत्रही नाही. आपल्या हातात आहे ती फक्त उत्तरे, आणि तीही प्रश्न आधीच ठाऊक असलेल्या लोकांना लिहिलेली. या पत्रातल्या कोणत्याही वाक्याला कायद्याच्या कलमासारखे सुटे काढताना ही गोष्ट विसरली जाते.

सभेत काय चालत असे

आजच्या उपासनेचे चित्र डोळ्यांसमोरून काढून टाकावे लागेल. व्यासपीठ नाही, बाकांच्या ओळी नाहीत, एकच उपदेशक नाही. मंडळी घरांत जमत असे. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते बहुधा करिंथमधूनच, आणि त्यात त्याने गायसाचा उल्लेख आपला व सर्व मंडळीचा यजमान असा केला आहे. जेवण आणि उपासना एकाच बैठकीत होत असे. त्यातही श्रीमंत आधी खाऊन-पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत, अशी तक्रार अकराव्या अध्यायाच्या उत्तरार्धात आहे. उपासनेचे वर्णन १४:२६ मध्ये सापडते. कोणाजवळ स्तोत्र असते, कोणाजवळ शिक्षण, कोणाजवळ प्रकटीकरण, कोणी अन्य भाषेत, म्हणजे इतरांना न कळणाऱ्या, आत्म्याने दिलेल्या भाषेत, बोलतो, कोणी तिचा अर्थ सांगतो. हे सगळे एकाच वेळी चालले असावे. बाहेरचा माणूस आत आला तर तुम्ही वेडे झाला आहात असेच म्हणेल, असे पौल लिहितो.

या गजबजलेल्या सभेत स्त्रिया बोलत होत्या. ११:५ मध्ये हे थेट आले आहे. काही वाचक म्हणतात की तिथे घरातल्या खासगी प्रार्थनेचा विषय आहे, मंडळीच्या सभेचा नाही. हे मला पटत नाही, त्याची कारणे पत्रातच आहेत. संदेश ऐकायला कोणीतरी लागते. १४:३ मध्ये पौल म्हणतो की संदेश देणारा माणसांशी बोलतो, त्यांची उन्नती करतो, त्यांना बोध करतो, धीर देतो. शिवाय आच्छादनाचा मुद्दा संपवताना तो ‘देवाच्या मंडळ्यां’मधल्या रीतीचा हवाला देतो आणि लगेच प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व प्याला घेण्याच्या, सभेकडे वळतो. बंद दारामागे स्त्री एकटीच प्रार्थना करते आहे, तर तिच्या डोक्यावर काय आहे याने लाज कोणाला वाटणार?

संदेश देणे ही दुय्यम सेवाही नव्हती. १२:२८ मध्ये देवाने मंडळीत नेमलेल्यांचा क्रम आहे: प्रथम प्रेषित, दुसरे संदेष्टे, तिसरे शिक्षक. स्त्रिया जे करत होत्या ते या यादीत शिक्षकांच्याही आधी येते. १४:३१ मध्ये तर पौल म्हणतो की तुम्ही सर्व एकामागून एक संदेश देऊ शकता, म्हणजे सर्व शिकतील. स्त्रीच्या तोंडून मंडळी शिकू शकते, हे त्याला मान्य होते. जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याच्या भविष्यवाणीत तुमचे पुत्र आणि तुमच्या कन्या संदेश देतील असे वचन आहे, प्रेषित पेत्राने पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्टला) तेच उद्धृत केले, आणि फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत असल्याची नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. करिंथच्या स्त्रिया काही नवीन खूळ काढून बसल्या नव्हत्या.

आच्छादनाचा प्रश्न

अकरावा अध्याय सुरू होतो तो कौतुकाने. तुम्ही परंपरा पाळता म्हणून मी तुमची वाखाणणी करतो, असे पौल म्हणतो. पुढे प्रभुभोजनाच्या विषयाला हात घालताना मात्र तो वाखाणणी करत नाही, असे स्पष्ट सांगतो. आच्छादनाची बाब त्याला दुरुस्त करायची होती, पण ती मंडळीला फाडणारी आहे असे त्याला वाटत नव्हते, हे या स्वरावरून कळते.

एक गोष्ट सहज निसटते. तो पुरुषांनाही सांगतो. मस्तक झाकून प्रार्थना करणारा पुरुष आपल्या मस्तकाचा अपमान करतो, हे वचन स्त्रियांविषयीच्या वचनाच्या आधी येते. रोमन धर्मविधीत यज्ञ करणारा पुरुष टोग्याचे (अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्राचे) टोक डोक्यावर ओढून घेत असे. करिंथमध्येच सापडलेल्या सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्यात हे आजही बघता येते: चेहरा तरुण, अंगावर टोगा, आणि त्याचा काठ मागून वर येऊन केसांवर स्थिरावलेला. विधी करताना डोके झाकणे हा पुढारपणाचा आणि मानाचा देखावा होता. मंडळीतल्या वजनदार पुरुषांनी तो उपासनेत आणला असेल, तर प्रार्थनेच्या वेळी आपली सामाजिक पायरी मिरवण्याचाच तो प्रकार झाला. अशी शक्यता काही अभ्यासक मांडतात, आणि प्रभुभोजनातल्या श्रीमंतांच्या वागण्याशी ती चांगली जुळते.

स्त्रियांचे गणित वेगळे होते. प्लूटार्क या ग्रीक लेखकाने रोमन चालीरीतींवर लिहिताना नोंदवले आहे की स्त्रियांनी चारचौघांत डोके झाकून आणि पुरुषांनी उघडे ठेवून जाणे ही नेहमीची रीत होती. विवाहित स्त्रीचे झाकलेले डोके म्हणजे ती कुलीन आहे, तिच्याकडे बघताना मर्यादा पाळा, अशी समाजाला दिलेली सूचना. मग करिंथमधल्या स्त्रियांनी उपासनेत ते का काढले? पत्र ते सांगत नाही. गलतीकरांस पत्रात बाप्तिस्म्याविषयी तीन जोड्या येतात: यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री. करिंथकरांना तेच सांगताना (१२:१३) पौल पहिल्या दोन जोड्या घेतो आणि तिसरी सोडतो. ख्रिस्तात पुरुष-स्त्री हा भेद नाही हे करिंथच्या स्त्रियांनी मनावर घेतले होते आणि त्याची खूण म्हणून डोके उघडे केले होते, असा तर्क यावरून केला जातो. तो सिद्ध होणारा नाही, पण त्या स्त्रियांना उच्छृंखल ठरवण्यापेक्षा त्या आपल्या विश्वासाला अनुसरून वागत होत्या असे मानणे मला जास्त न्याय्य वाटते. दुसरे काही अभ्यासक म्हणतात, मुद्दा कापडाचा नाहीच, मोकळ्या सोडलेल्या केसांचा आहे. केस आच्छादनादाखल दिले आहेत या ११:१५ मधल्या वाक्यावर त्यांची भिस्त आहे.

इथे एका लोकप्रिय स्पष्टीकरणाचा समाचार घ्यायला हवा, कारण ते उपदेशांतून आजही फिरत असते. करिंथमध्ये अफ्रोदिती या ग्रीक प्रेमदेवतेच्या मंदिरात हजार देवळी वेश्या होत्या, त्यांची डोकी मुंडलेली असत, म्हणून विश्वासी स्त्रियांनी वेगळे दिसावे यासाठी पौलाने आच्छादन सांगितले, असे ते स्पष्टीकरण. हजाराचा आकडा स्ट्रॅबो या भूगोलकाराचा आहे आणि तो इ. स. पूर्व १४६ मध्ये नष्ट झालेल्या जुन्या शहराविषयी बोलतो. त्या काळाबद्दलही इतिहासकारांना तो आकडा संशयास्पद वाटतो. पौलाच्या करिंथमध्ये मुंडन हे वेश्यांचे चिन्ह होते याला भक्कम पुरावा नाही. पौल स्वतः फक्त एवढे म्हणतो की केस कापणे किंवा मुंडन स्त्रीला लाजिरवाणे आहे. अशी रंगीत पार्श्वभूमी जोडली की ऐकणाऱ्याला उतारा समजल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या मंडळीतल्या सामान्य गृहिणींच्या शेजारी आपण विनाकारण वेश्या उभ्या करतो.

पौलाचा युक्तिवाद सरळ रेषेत जात नाही. तो ख्रिस्त, पुरुष आणि स्त्री यांच्या मस्तकांच्या क्रमापासून निघतो. तिथे मस्तक म्हणजे अधिकारी की उगम, यावर गेली अनेक दशके घनघोर चर्चा चालली आहे. तिथून तो उत्पत्तीच्या कथेकडे जातो, मध्येच देवदूतांचे नाव काढतो आणि पुढे निसर्गाचा दाखला देतो. ‘देवदूतांकरिता’ या शब्दांचा उलगडा आजवर कोणालाही खात्रीने करता आलेला नाही. पण अकराव्या आणि बाराव्या वचनात तो स्वतःच आपल्या युक्तिवादाला लगाम घालतो. प्रभूमध्ये स्त्री पुरुषावाचून नाही आणि पुरुष स्त्रीवाचून नाही. जशी स्त्री पुरुषापासून, तसा पुरुष स्त्रीपासून जन्मतो, आणि सर्व काही देवापासून आहे. ‘तरीपण’ अशा आशयाच्या शब्दाने ही वचने सुरू होतात. वरचढपणाचा जो अर्थ आधीच्या वचनांतून काढता आला असता, त्याची वाट तो इथे अडवतो. शेवटी म्हणतो, तुम्हीच ठरवा. कोणी वाद घालणारा असेल तर आमची तशी रीत नाही. रीत हा शब्द त्याने स्वतः वापरला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो.

गप्प राहायला सांगितलेले तिघे

आता चौदावा अध्याय. इथला विषय स्त्रिया नाहीत, सभेतला गोंधळ आहे. पौल एकामागून एक तिघांना गप्प करतो. अन्य भाषेत बोलणाऱ्याला, जर अर्थ सांगणारा कोणी नसेल तर (१४:२८). संदेश देणाऱ्याला, जर बसलेल्या दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर (१४:३०). आणि स्त्रियांना (१४:३४). पहिल्या दोघांची शांतता ठरावीक प्रसंगापुरती आहे. अन्य भाषा बोलणाऱ्याने जन्मभर मौन पाळावे, असे त्या वचनावरून कोणी ठरवत नाही. तिसऱ्या आज्ञेला मात्र पुष्कळांनी काळ, प्रसंग, कारण काहीच न बघता कायमचे करून टाकले.

या आज्ञेला सोबतचे वाक्यही आहे. त्यांना काही शिकायची इच्छा असेल तर त्यांनी घरी आपल्या पतींना विचारावे. म्हणजे इथे बोलणे हे विचारण्याशी जोडलेले आहे, प्रार्थनेशी किंवा संदेशाशी नाही. आणि डोळ्यांसमोर विवाहित स्त्रिया आहेत. अविवाहित मुलगी, विधवा, जिचा पती विश्वासी नाही अशी स्त्री, यांनी घरी कोणाला विचारायचे? सातव्या अध्यायात पौल याच मंडळीतल्या अविवाहित स्त्रिया, विधवा आणि अविश्वासी पतींच्या बायका यांना उद्देशून लिहितो, तेव्हा त्या सभेत होत्या हे त्याला चांगले माहीत होते. ही आज्ञा सर्व स्त्रियांसाठी सर्वकाळचा नियम म्हणून घातली असती, तर या स्त्रियांची सोय त्यात दिसली असती.

‘घरी पतीला विचारा’ हे त्या काळच्या रोमन कानांना ओळखीचे बोल होते. लिव्ही या इतिहासकाराने इ. स. पूर्व १९५ मधल्या एका वादाचे वर्णन केले आहे. दागिने आणि उंची वस्त्रे यांवर बंधने घालणारा कायदा रद्द व्हावा म्हणून रोमच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. लिव्हीने त्या वर्षीचा कॉन्सल केटो याच्या तोंडी त्यांना उद्देशून जे भाषण घातले आहे त्यात तो विचारतो की हेच तुम्हाला घरी आपापल्या नवऱ्यांना विचारता आले नसते का. दुसऱ्यांच्या नवऱ्यांशी चारचौघांत बोलणे हा कुलीन स्त्रीच्या अब्रूला बट्टा मानला जात होता. चौदाव्या अध्यायातल्या ‘लाजिरवाणे’ या शब्दामागे हेच वातावरण आहे.

मग आज्ञेचा अर्थ काय? अभ्यासकांच्या उत्तरांत मला तीन विचार करण्यासारखी वाटतात.

पहिले उत्तर असे की काही विवाहित स्त्रिया सभा चालू असताना प्रश्नांवर प्रश्न विचारून व्यत्यय आणत होत्या आणि पौलाने तेवढे थांबवले. वाक्याशी हे सर्वांत जवळून जुळते. याच्याही काही कमकुवत बाजू आहेत. व्यत्यय फक्त स्त्रियाच आणत होत्या का, याचे उत्तर मजकुरात नाही. त्या अशिक्षित होत्या किंवा सभागृहात वेगळ्या बाजूला बसून ओरडत होत्या, असे जे सांगितले जाते, त्यालाही मजकुरात आधार नाही. यहूदी सभास्थानांत स्त्रियांची जागा वेगळी असे हा समज पहिल्या शतकापुरता पुराव्याने पक्का झालेला नाही. उलट स्मुर्णा येथील रूफिना हिच्यासारख्या स्त्रियांना सभास्थानाच्या प्रमुख म्हणणारे शिलालेख मिळाले आहेत, ते थोड्या नंतरच्या काळातले.

दुसरे उत्तर १४:२९ ला धरून आहे. संदेष्ट्यांचे बोलणे इतरांनी पारखावे, असे तिथे म्हटले आहे. स्त्रिया संदेश देऊ शकत होत्या, पण भर सभेत संदेशाची पारख करताना, विशेषतः स्वतःच्या पतीच्या संदेशाची उलटतपासणी करताना, त्यांनी बोलू नये, असा हा अर्थ. संदर्भात हे बसते. पण आज्ञेत ‘शिकायची इच्छा’ आहे, पारखायची नाही, ही अडचण मला मोठी वाटते.

तिसरे उत्तर म्हणते, हे शब्द पौलाचे नाहीतच. ते करिंथच्या काही पुरुषांचे आहेत, पौलाने ते उद्धृत करून पुढच्या वचनात खोडले आहेत: देवाचे वचन तुमच्यापासून निघाले काय? या पत्रात करिंथकरांची वाक्ये उद्धृत करण्याची त्याची पद्धत आहेच, ‘आपणा सर्वांना ज्ञान आहे’ हे त्यांतले एक. पण तशी अवतरणे छोटी असतात. इथे दोन लांब वचने, तीही कारणांसकट. मला हे उत्तर आकर्षक वाटते आणि त्याच कारणाने मी त्याच्यापासून सावध राहतो.

हस्तलिखितांमधला पेच

चौतिसावे आणि पस्तिसावे वचन सर्व हस्तलिखितांत एकाच जागी नाही. सर्वांत जुन्या प्रतींपैकी एक म्हणजे सुमारे इ. स. २०० चा पपायरस ४६. त्यात ती नेहमीच्या जागी आहेत. पण सहाव्या शतकाच्या सुमाराच्या क्लॅरोमाँटॅनस या ग्रीक-लॅटिन प्रतीत आणि तिच्या कुळातल्या आणखी काही प्रतींत हीच दोन वचने अध्यायाच्या अगदी शेवटी, चाळिसाव्या वचनानंतर येतात. वाचकाने पवित्र शास्त्र उघडून हा प्रयोग जरूर करावा: तेहतिसाव्यावरून थेट छत्तिसाव्यावर जाऊन वाचावे. संदेष्टे, शांती, सुव्यवस्था हा धागा कुठेही न तुटता पुढे जातो.

यावरून गॉर्डन फी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या टीकाग्रंथात असे मांडले की ही वचने मुळात कोणीतरी समासात लिहिली आणि नंतर नकला करणाऱ्यांनी ती दोन वेगळ्या जागी मजकुरात घेतली. फी हे पवित्र शास्त्राला हलके लेखणारे अभ्यासक नव्हते, ते पेंटेकॉस्टल परंपरेतले होते, म्हणून त्यांच्या मताने खळबळ उडाली. आज्ञेत ‘नियमशास्त्रही सांगते’ असे म्हटले आहे, पण कोणतेही वचन दिलेले नाही, आणि मोशेच्या नियमशास्त्रात स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असे कुठे लिहिलेले नाही. याच अध्यायात थोडे आधी पौल नियमशास्त्राचे नाव घेतो तेव्हा शब्दही उद्धृत करतो. हा फरक फी यांच्या बाजूने जातो.

तरीही ही वचने मुळीच नसलेली एकही प्रत आजवर सापडलेली नाही. तेवढ्यासाठी मी ती पत्रातून काढत नाही. जी मंडळी पवित्र शास्त्र जसे हाती आले तसे वाचते तिला ही दोन वचने घेऊनच उत्तर शोधावे लागेल. मात्र ज्या वचनांची जागाच प्राचीन काळापासून हलती आहे त्यांच्यावर स्त्रियांच्या आयुष्यभराच्या सेवेचा निकाल उभा करताना हात थरथरला पाहिजे.

पुढे काय झाले

करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आच्छादनाचा किंवा स्त्रियांच्या बोलण्याचा उल्लेख नाही. पौलाची त्यांच्याशी भांडणे चालूच राहिली, पण वेगळ्या कारणांवरून. याच काळात करिंथच्या बंदरातली, किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी रोमला निघाली, आणि पौलाने रोमकरांस लिहिताना तिचे प्रभूमध्ये स्वागत करा, तिला लागेल ते साहाय्य करा, असे सांगितले. ती पुष्कळांची आणि माझीही साहाय्यकर्ती आहे, असे तो म्हणतो. पत्र रोमला तिनेच नेले असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या मंडळीने करिंथला पाठवलेले एक पत्र क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. तेव्हाचे भांडण वडिलांना, म्हणजे मंडळीच्या नेमलेल्या पुढाऱ्यांना, पदावरून काढल्याचे होते. त्या पत्रात स्त्रियांनी आपल्या जिभेची सौम्यता मौनातून दाखवावी असा उपदेश आहे, म्हणजे सूर बदलू लागला होता. दोनशे सालानंतर तेर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की करिंथचे लोक आजही आपल्या कुमारिकांना आच्छादन घ्यायला लावतात. त्याला हे सांगावे लागले, कारण इतर मंडळ्यांत अविवाहित मुली डोके उघडे ठेवत. हाच तेर्तुल्यन स्त्रियांच्या मौनाचा कट्टर पुरस्कर्ता, तरी पौलाने स्त्रियांना संदेश देण्याची मोकळीक ठेवली आहे हे तो नाकारत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने मात्र माँटॅनसपंथी, म्हणजे माँटॅनसला मानणाऱ्या विरोधी पंथातल्या, संदेष्ट्रींना तोंड देताना पलटी घेतली. फिलिप्पाच्या मुली संदेश देत असतील, पण मंडळ्यांमध्ये बोलत नव्हत्या, असे त्याने लिहिले. प्रेषितांच्या कृत्यांत तसा काही भेद केलेला नाही. विरोधी पंथात स्त्रिया पुढे होत्या म्हणून आपल्या मंडळीतल्या स्त्रियांचा आवाज आवळला गेला, हे इथे उघड दिसते.

आधुनिक काळातले एक उदाहरण बोलके आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदासंहितेत स्त्रियांनी उपासनेत डोके झाकावे असे कलम होते. १९८३ च्या संहितेत ते राहिले नाही. मधल्या काळात, १९७६ मध्ये, व्हॅटिकनच्या विश्वासविषयक मंडळाने एका घोषणापत्रात म्हटले की आच्छादनाचा नियम त्या काळच्या रीतींतून आला होता आणि आता तो बंधनकारक नाही. मंडळीत बोलण्याची मनाई मात्र वेगळ्या स्वरूपाची आहे. ती मनाई सभेत अधिकृत शिक्षण देण्यापुरती आहे आणि पौल स्त्रियांच्या संदेश देण्याच्या हक्काला विरोध करत नाही, असेही त्याच घोषणापत्रात आहे. हे घोषणापत्र स्त्रियांना पुरोहितपद नाकारण्यासाठी लिहिलेले होते. त्याच्या निष्कर्षाशी आपण सहमत असू वा नसू, पूर्ण मौन हा पौलाचा अर्थ नाही हे त्यानेही मान्य केले. पुढे २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक या नेमणुका पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांसाठी खुल्या केल्या.

प्रत्येक परंपरा या दोन उताऱ्यांपैकी काही रीत म्हणून बाजूला ठेवते आणि काही आज्ञा म्हणून धरून ठेवते. डोके उघडे ठेवून आलेल्या स्त्रीला काही न बोलणारी आणि तिने प्रार्थना सांगितली की चौदावा अध्याय काढणारी मंडळीही निवडच करत असते. निवड करणे टाळता येत नाही. पण कोणत्या मापाने निवडतो ते सांगितले पाहिजे, आणि ते माप वचनातून आले पाहिजे.

तीमथ्याला पत्रातल्या उताऱ्याविषयी

इथे कोणीतरी तीमथ्याला पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय पुढे करणारच, आणि करावाच. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असे तिथे आहे. तो इफिसचा प्रश्न आहे, खोट्या शिक्षणाने पोखरलेल्या मंडळीचा, आणि त्याला त्याचा स्वतंत्र अभ्यास हवा. करिंथच्या उताऱ्यातली अडचण सोडवायला तो उतारा आणून ओतला की दोन्ही बिघडतात. एवढे मात्र लक्षात ठेवावे की त्याच इफिसमध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी अपुल्लोस या उपदेशकाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, आणि त्या उताऱ्याच्या सुरुवातीला पुरुषांनाही राग व वादविवाद सोडून प्रार्थना करायला सांगितले आहे. पुरुषांच्या रागावरून उपासना थांबवल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

मंडळीसमोर हा प्रश्न आला तर

एखादी बहीण सभेत मोठ्याने प्रार्थना करते, साक्ष देते, वचनावर बोलते, आणि कोणीतरी १४:३४ दाखवून हरकत घेतो. वडीलमंडळाने तिथे सर्वांत आधी अकरावा ते चौदावा हे चारही अध्याय सलग, मोठ्याने वाचून घ्यावेत. मध्ये बारावा अध्याय येतो, जिथे डोळा हाताला तुझी गरज नाही असे म्हणू शकत नाही. तेरावा, प्रीतीचा अध्याय, येतो. मग चौदाव्यातले माप दिसते: सर्व काही उन्नतीसाठी असावे (१४:२६), देव अव्यवस्थेचा नाही तर शांतीचा आहे (१४:३३), सर्व काही शिस्तीत व्हावे (१४:४०). या मापाने आधी हे बघावे की तिच्या बोलण्याने मंडळीची उन्नती झाली की व्यत्यय आला. व्यत्यय आला असेल तर तो थांबवावा, आणि तोच व्यत्यय पुरुष आणत असेल तर त्यालाही त्याच शब्दांत थांबवावे, कारण पौलाने अन्य भाषा बोलणाऱ्यांना आणि संदेष्ट्यांना तसेच थांबवले. उन्नती झाली असेल, तर तिला गप्प करायला हा उतारा पुरेसा नाही.

तिच्या वेशाविषयी, केसांविषयी, डोक्याविषयी प्रश्न असेल तर करिंथमध्ये जे विचारले गेले तेच विचारावे: या समाजात, या सभेत, याचा अर्थ काय घेतला जातो, आणि त्याने कोणाचा अपमान होतो का? उत्तर जागोजागी वेगळे येईल. काही मंडळ्यांत आच्छादन घेणे हा मनापासूनचा आदर आहे, आणि ते घेणाऱ्या बहिणीला मागासलेली म्हणणे हाही अपमानच. हरकत घेणाऱ्याशीही उतावीळपणे वागू नये. पुष्कळदा तो वचनाच्या भीतीपोटी बोलत असतो, आणि वचनाची भीती ही चांगली गोष्ट आहे. त्याच्याबरोबर बसून ११:५ वाचावे आणि त्या वचनातली स्त्री काय करते आहे, एवढेच त्याला विचारावे.